बिनखिळ्याचा क्रूस

"क्रुसाला खिळा मारायचा नाय. देवाच्या लेकाला एकदा ठोकलेत तेवढे बास," असं आमचा सुतार बाप बजावायचा. म्हणून मी आडवी फळी खाचेतच बसवतो.

धाकटा भाऊ पास्कू तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर फळ्या ठोकायचा. आमच्या दांडी गावच्या देवळासाठी, चर्चसाठी, मी घडवलेल्या क्रुसाची खाच त्याला सैल वाटली. गाढवाने चार इंची खिळा हाणला. वर हसला, "कोण बघतंय?"

माझं डोकं फिरलं. त्याचा पंजा क्रुसावरच दाबून मी धारदार पटाशी आरपार ठोकली. तो गुरासारखा ओरडला.

रंधा मारूनही रक्ताचा डाग गेला नाही.

गुड फ्रायडेला पास्कूने फडकं बांधलेल्या हाताने क्रूस धरून त्याच डागावर ओठ टेकले. त्याच्यामागे क्रुसाचा मुका घ्यायची माझी पाळी होती. मी रांग सोडून बाहेर पळालो.