ट्रकचं पाणी पिणारी

"आले! बुडबुडे आले!" गर्दी ओरडली आणि नेमाकाकीच्या हातांवरची दोरी कुणीतरी आणखी आवळली.

आमच्या डोंगराळ सिंबू प्रांतातल्या घाटात तिच्या दिराचा, काउपाचा, ट्रक बॉनेट उघडून उभा होता. इंजिन चालू. कितीही पाणी भरा, पुढच्या चढाला रेडिएटर अर्धा. खाली थेंब नाही की धुरात वाफ नाही. ग्लासमन बोमाईने निकाल दिला होता: चेटकीण पिते. आमच्याकडे चेटकीण हुडकून देतो तो ग्लासमन. त्याने बोट दाखवलेली बाई बहुधा दुसरी सकाळ बघत नाही.

ज्या नावाला पाणी बुडबुडेल ती चेटकीण. खात्रीसाठी बोमाई पुन्हा रेडिएटरच्या उघड्या तोंडावर वाकला. "अग्नेस!" पाणी शांत. "मोनिका!" शांत. "नेमा!" बुडबुडबुड...

"ऐका! हिच्या पोटातली तहान बोलतेय!"

"तुझंच पोट बोलतंय, मेल्या," काकी म्हणाली. "घरात पाणी हवं तर मी ओढ्यावर जाते. ट्रक कशाला पिऊ?"

रस्त्याकडेला पेटवलेल्या चुलीत सळई लाल होत होती.

तंत्रशाळेत इंजिन शिकवणारी ब्रिगिटा गर्दीतून पुढे घुसली. "बोमाईदादा, पुन्हा नाव घ्या. पण आधी काउपाला केबिनमधून उतरवा."

"मी का? इंजिन कोण बघणार?" काउपा गुरकावला.

"रांगतं पोर आहे का ते? उतर!"

लोकांनी त्याला उतरवलं. बोमाई घसा फाटेपर्यंत "नेमा, नेमा" ओरडला. पाणी ढिम्म.

ब्रिगिटा केबिनमध्ये चढली. ब्रेक दाबला. फुस्स. पुन्हा फुस्स, फुस्स. "आता माझं नाव घ्या!"

"ब्रिगिटा!" मी ओरडलो. बुडबुडबुड...

"झाले मी चेटकीण? अरे, ब्रेक हवेवर चालतात. हवा उतरली की कॉम्प्रेसर ती भरायला लागतो. त्याच्यातून रेडिएटरचं पाणी फिरतं, आणि तो आतून तडकलाय. चालू असताना हवा पाण्यात घुसते, इंजिन बंद केलं की पाणी हवेच्या वाटेत शिरतं. नेमाचं नाव घेताना हा काउपा आत बसून ब्रेक दाबत होता!"

"मग पाणी आहे कुठे?" मागून कुणीतरी विचारलं.

ती ट्रकखाली शिरली. हवेच्या टाकीत साठलेलं पाणी सोडायची तार ओढली की फुस्स होतं, म्हणून आमची पोरं ती सारखी ओढतात. काउपाने ती वर बांधूनच टाकली होती. टाकी कधी रिकामी झालीच नव्हती. ब्रिगिटाने गाठ कापून तार ओढली. हिरवं पाणी बोमाईच्या पायांवर फुत्कारलं. काउपा रेडिएटरमध्ये ओतायचा तेच, इंजिन थंड ठेवणारं हिरवं औषध मिसळलेलं.

"ही घ्या चेटकीण! टाकीत हवेऐवजी पाणी साठून उतारावर ब्रेक गेले असते, तर तुझं मरणही काकीच्याच माथी मारलं असतं रे काउपा!"

भाऊ वारल्यावर कॉफीची बाग वहिनीकडे राहिली, हे काउपाला खुपत होतं. बोमाईला त्याने डुकरं कबूल केली होती. दोघे गर्दीतून वाट काढू लागले.

दोरी सोडायला मात्र एकही हात पुढे येईना. ब्रिगिटानेच ती कापली. काकीने मनगटं चोळली आणि चुलीतली सळई उचलली. गर्दी मागे सरली. तिने ती हिरव्या डबक्यात खुपसली. चर्रर्र.

लोकहो, तो आवाज कातडीचा असणार होता. पाणी कुठे गेलं हे शोधायला एक तार ओढावी लागली. कुणी प्यायलं असं विचारलंत, म्हणून सळई तापली. पुढच्या वेळी आधी ट्रकखाली वाका!