गच्चीवरचे वीस सेंटिमीटर

शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती मी नव्हे. ती माझी धाकटी, नाजूक बहीण. मी एक जुनी मोजणीची फीत आहे, मित्रांनो, आणि कामावरची माणसे मला टेप म्हणतात. माझी लांबी तीस मीटर. म्हणजे तुमच्या शाळेतले पाच-सहा वर्ग एका ओळीत असतील तर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज पुरेन. मात्र मी राहते तुमच्या तळहाताएवढ्या चामड्याच्या गोल डबीत. डबीच्या पोटावर पितळेची छोटी दांडी आहे. ती फिरवली की मी आत जाते. माझ्या टोकाला पितळेचे कडे आहे. या कड्याची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे, कारण त्याच्यापायी एक चांगली इमारत जाता जाता राहिली.

माझा जन्म कारखान्यातला. जाड सुती पट्ट्यात तांब्याच्या बारीक तारा विणल्या, म्हणजे ओढले तरी मी ताणली जाऊ नये. मग पट्ट्यावर रंगाचा लेप चढला आणि त्यावर आकडे छापले, सेंटिमीटर काळे आणि मीटर लाल. शेवटी तपासनीस बाईंनी मला एका लांबलचक पोलादी पट्टीशेजारी झोपवले, भिंग लावून इंच इंच पाहिले आणि डबीवर शिक्का मारला. तो शिक्का मिळाल्यावर माझी छाती केवढी फुगली होती. आपण खरे आहोत हे दुसऱ्या कुणी तपासून सांगितले की बरे वाटतेच.

मी एका तरुण मोजणीदाराच्या हाती आले. इमारती, गोदामे, पूल, काय वाटेल ते मोजायचे हे त्यांचे काम. मोजायची रीत अशी, की एकाने कडे कोपऱ्याला घट्ट धरायचे, दुसऱ्याने मला ताणून आकडा मोठ्याने सांगायचा, आणि लिहिणाऱ्याने तो आकडा परत मोठ्याने म्हणून मगच कागदावर उतरवायचा. आकडा सांगायचे काम मोजणीदार कधी दुसऱ्याला देत नसत. उन्हात, धुळीत, जिन्यांखाली, कौलांवर, आम्ही कुठे म्हणून गेलो नाही. कचेरीत वाद झाला की साहेब म्हणायचे, याने मोजलंय ना, मग पुढे बोलू नका. ते शाबासकी मोजणीदारांना देत, पण अर्धी मी ठेवून घेत असे.

आणि मग तो अपघात झाला. एका दुकानाचे माप घेताना लोखंडी शटर धाडकन खाली आले आणि माझे टोक त्यात सापडले. पहिले वीस सेंटिमीटर फाटून गेले. कचेरीतले सगळे म्हणाले, टाकून द्या, नवी मिळेल. मोजणीदारांनी ऐकले नाही. ते मला एका चांभाराकडे घेऊन गेले आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसले. कड्याची बाहेरची कड नेमकी विसाच्या रेघेवर यायला हवी, केसभरही इकडेतिकडे नको, असे त्यांनी चारदा सांगितले. चांभाराने वैतागून जाड दोऱ्याने कडे शिवले, पण शिवले अगदी बरोबर.

आता तुम्ही हुशार मुले, तुमच्या लक्षात आलेच असेल. माझी सुरुवात शून्यापासून न होता विसापासून होऊ लागली. एखादी भिंत पाच मीटरची असेल तर मी पाच मीटर वीस दाखवणार. मोजणीदारांना ते ठाऊक होते. ते आकडा वाचत, मनात वीस वजा करत आणि उरलेला आकडा मोठ्याने सांगत. पहिले काही दिवस त्यांना क्षणभर थांबावे लागे. मग सवय झाली. आणखी काही वर्षांनी तर आपण वजाबाकी करतो हेच ते विसरून गेले. तुम्ही चालताना आधी कुठला पाय टाकता, हे कुठे लक्षात असते?

त्यांनी हे कुणाला सांगितले नाही. लपवायचे म्हणून नाही बरे का. सांगायची वेळच आली नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने मला त्यांच्याबरोबर जाऊ दिले. घरी मी एका खणात पडले. शेजारी बंद पडलेली विजेरी आणि कुलपे हरवलेल्या किल्ल्यांचा जुडगा. सात वर्षे कुणी माझी दांडी फिरवली नाही. पहिल्या हातभर पट्ट्यावरचे आकडे तर आधीच हाताळून पुसट झाले होते. मला वाटले, संपले आपले.

एके दिवशी खण उघडला आणि मोजणीदारांच्या लेकीने मला उचलून पिशवीत टाकले. मी तिला ताई म्हणेन. लहानपणी ती माझी दांडी फिरवायला मिळावी म्हणून रडायची. ताई आता जुन्या इमारतींची नोंद करते. भर बाजारपेठेत तीन मजल्यांची एक जुनी व्यापारी इमारत होती. खाली कमानीकमानींत दुकाने, वर कचेऱ्या, दारांवर रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या, आणि गच्चीला नक्षीचा कठडा. ती जपायच्या यादीत घ्यावी म्हणून पालिकेत अर्ज झाला होता. यादीत जायचे तर आधी इमारतीची पूर्ण नोंद हवी. प्रत्येक भिंतीचे माप, प्रत्येक खिडकीचे चित्र, जिन्याच्या पायऱ्या, कठड्याची नक्षी, सगळे कागदावर.

तळमजल्यावर कोपऱ्याच्या गाळ्यात चष्म्याचे दुकान होते. ते चालवणाऱ्या मावशींच्या आजोबांनी ते थाटले होते. पहिल्या दिवशी मावशींनी ताईला विचारले की भिंती काय पळून जाणार आहेत का, एवढं मोजायला. ताईने समजावले, की इमारतीला कधी काही झाले, तर ती होती तशी परत उभी करता यावी, आणि डागडुजी करणाऱ्याने भलतीच खिडकी बसवू नये, म्हणून हे करायचे. मावशींना ते पटले. एखाद्याचा जुना चष्मा फुटला तर नवा करायला त्याचे नंबर वहीत हवेतच की. तेव्हापासून त्या गिऱ्हाईक नसले की ताईच्या मदतीला येऊ लागल्या.

ताईकडे भाड्याने आणलेले एक यंत्र होते. भिंतीवर लाल ठिपका पाडायचे आणि क्षणात आकडा दाखवायचे. मी पिशवीतून बघत बसायची. इमारतीच्या कडेने सावलीची एक बोळ होती. तिथे यंत्राने मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत माप दिले, अठरा मीटर चाळीस. पण गच्चीवर लख्ख ऊन. उन्हात तो ठिपका काही दिसेना. ताईने हात पिशवीत घातला आणि मी बाहेर आले.

सात वर्षांनी वारा लागला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. मावशींनी कडे मागच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी धरले. चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला होता. जगाला चष्मे देणाऱ्या या बाईला स्वतःचा लावायचा कंटाळा. ताईने मला पुढच्या कडेपर्यंत ताणले आणि वाचले, अठरा साठ. मी आतल्या आत ओरडत होते, वीस वजा कर, वीस वजा कर. पण फितीला तोंड नसते, आकडे असतात. रुंदीच्या बाजूला पाण्याच्या टाक्या आडव्या होत्या, म्हणून ते माप राहिले.

खाली अठरा चाळीस आणि वर अठरा साठ. याचा अर्थ काय? मागची भिंत सरळ होती, ती ताईने तपासली होती. म्हणजे पुढची भिंत वर जाता जाता रस्त्याकडे वीस सेंटिमीटर झुकली होती. ताईचे तोंड उतरले. तिने परत मोजले, आणि पुन्हा एकदा. तिन्ही वेळा अठरा साठ. मित्रांनो, एकच चूक तीनदा केली की ती अगदी खऱ्यासारखी दिसू लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ताईने विचारले, "बाबा, तुमची टेप ताणली गेली असेल का हो?"

मोजणीदारांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षं हिच्यावर नोकरी केली. एका सेंटिमीटरची तक्रार नाही आली. तुझं ते ठिपकेवालं यंत्र तपास आधी."

ते खोटे बोलत नव्हते. त्यांचे एकही माप कधी चुकले नव्हते. ताईने यंत्र तपासून आणले. तेही बरोबर होते. मग तिने जे मोजले ते पालिकेला कळवले. न कळवून चालणार नव्हते.

पालिकेचे इंजिनिअर आले. समोरून दुकानांच्या पाट्या आणि पत्र्याची छपरे एवढी, की भिंत नीट दिसतच नव्हती. त्यांनी ताईचे आकडे पाहिले, खालून जाणारी माणसे पाहिली आणि पंधरा दिवसांत गाळे रिकामे करून पुढची बाजू उतरवा, अशी नोटीस लावली. ते दुष्ट नव्हते. वीस सेंटिमीटर झुकलेल्या भिंतीखालून कुणाला चालू देणे त्यांना शक्य नव्हते. पण पुढची बाजू गेली की यादीत जाण्यासारखे काय उरणार? आणि एकदा उठवलेली दुकाने परत त्या जागी बसत नाहीत, हे बाजारातल्या सगळ्यांना माहीत होते.

मावशी चष्म्यांच्या फ्रेमा एकेक करून कागदात गुंडाळू लागल्या. एकदाच त्यांनी ताईला विचारले, "नीट मोजलंस ना गं?" ताईने मान हलवली. मी पिशवीत होते. जमिनीत गाडून घ्यावे असे वाटत होते.

तीन दिवस ताई धड जेवली नाही. चौथ्या दिवशी मोजणीदार म्हणाले, मला एकदा वर ने. त्यांचे गुडघे दुखत. बावन्न पायऱ्या त्यांनी पाच ठिकाणी बसत चढल्या. मावशी खुर्ची घेऊन मागोमाग आल्या, पण गच्चीवर पोचल्यावर ते खुर्चीकडे बघेनात. मला हातात घेतले, कडे मावशींकडे दिले आणि जुन्या सवयीने मला झटका देऊन ताणले. तोच हात, तीच ओढ. ताई त्यांच्या खांद्यामागे वही घेऊन उभी राहिली.

"अठरा चाळीस," ते म्हणाले.

ताईने लिहिले नाही. ती वाकून माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, इथे अठरा साठ आहे."

"हो. अठरा चाळीस."

"अहो, साठ आहे. हे बघा ना."

"अगं मग वीस वजा नको का करायला?"

"वीस कसले वजा?"

मोजणीदार हळूहळू माझ्या कडेने चालत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि मावशींच्या हातातले कडे पाहिले. चांभाराचा दोरा अजून तसाच होता. ते खुर्चीवर बसले.

"सांगितलंच नाही मी तुला," ते म्हणाले. "कुणालाच नाही सांगितलं."

मावशींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कड्यापुढचे पुसट आकडे वाचायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "आणि मी मेली हे हातात धरून उभी होते, देवाच्या पादुकांसारखी." ताईला हसू फुटले आणि पाठोपाठ रडूही. तिघेही गच्चीवर कितीतरी वेळ तसेच हसत होते. माझ्या तारातारांतून एक सैलपणा पसरला. एवढी हलकी मी डबीत नवी होते तेव्हाही नव्हते.

मोजणीदारांनी ताईला मध्ये येऊ दिले नाही. पालिकेत ते स्वतः गेले आणि चूक माझी आहे, असे उभ्याने सांगितले. इंजिनिअरांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले की आकडा बदलला म्हणून मी नोटीस मागे घेणार नाही. ओळंबा सोडून दाखवा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. वरून सोडले की ते सरळ खाली लोंबते आणि भिंत कुठे झुकली असेल तर लगेच दिसते. पण ओळंब्याला मोकळी जागा हवी. म्हणजे पाट्या काढायला हव्या होत्या, आणि कुणाची पाटी कुणाच्या पुढे, यावरून त्या बाजारात वर्षानुवर्षे भांडणे झालेली.

मावशींनी सुरुवात केली. चष्म्याचे स्क्रू पिळायचा इवलासा पेचकस घेऊन त्या शिडीवर चढल्या, त्याने काही होईना, तेव्हा शेजाऱ्याकडून मोठा मागवला. तो शेजारी पेचकस देऊन थांबला नाही. त्याने स्वतःची पाटीही उतरवली. दुपारपर्यंत पाट्या आणि छपरे उतरून सगळी भिंत उघडी झाली. गवंड्याने गच्चीवरून ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबेपर्यंत रस्त्यावरची माणसे माना वर करून बघत राहिली. इंजिनिअरांनी वर मोजले, दोरीपासून भिंत दहा सेंटिमीटर. खाली मोजले, साडेदहा. शंभर वर्षांच्या भिंतीला अर्धा सेंटिमीटर माफ असतो, असे म्हणत त्यांनी दारावरची नोटीस स्वतःच्या हाताने काढली.

मावशींनी त्याच संध्याकाळी फ्रेमा परत मांडल्या. इमारत यादीत गेली. नोंदीच्या शेवटच्या पानावर ताईने गच्चीचे पहिले माप कसे चुकले आणि का, हेही लिहिले. इंजिनिअर म्हणाले, याची गरज नाही, कुणी विचारणार नाही. ताई म्हणाली, "म्हणूनच लिहिते." खाली मोजणीदारांनीही सही केली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या वस्तू असतील. उजवीकडे ओढून मगच उघडणारे दार, दोनदा दाबावे लागणारे बटण, दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ. त्या जुन्या झाल्या म्हणून टाकू नका. आम्ही मोडक्या असलो तरी पुष्कळ दिवस कामी येतो. पण आमचे काय बिघडले आहे, ते फक्त तुमच्या डोक्यात ठेवू नका. शेजारी बसलेल्याला सांगा, आणि जमले तर एका चिठ्ठीवर लिहून आम्हाला चिकटवा. एवढेच मागणे आहे. आता मला डबीत जायला हवे. ताईने उद्या सकाळी एक जुनी बाजारकचेरी मोजायची ठरवली आहे, आणि या वेळी वीस वजा करून आकडा तीच सांगणार आहे.