दातांत टाचण्या

कपडेपटाच्या मावशींना सगळे मावशीच म्हणत. दिग्दर्शक त्यांच्याहून वयाने मोठा होता, तोसुद्धा. उद्या प्रयोग, आणि नायकाच्या कोटाची शिवण आजच उसवली. मावशी विंगेत बसून, दातांत टाचण्या धरून, ती सारखी करत होत्या. सकाळपासून जबडा ठणकत होता. टाचण्या धरून धरून, दुसरं काय! पाठ इस्त्रीने धरली होती, मळमळ रिकाम्या पोटी ढोसलेल्या चहाने. प्रत्येक दुखण्याला मावशींकडे कारण तयार असे, आणि ते कामाचंच असे.

मंचावर नायक हृदयविकाराने मरत होता, आणि काही केल्या मनासारखा मरत नव्हता.

"छाती धर रे, छाती!" दिग्दर्शक ओरडला. "जबडा काय चोळतोस?"

"डॉक्टर बहिणीला विचारून आलोय," नायक म्हणाला. "छातीत फारसं न दुखताही झटका येतो म्हणे. बायकांना तर जास्तच. जबडा, पाठ, मळमळ, गळून जाणं, दरदरून घाम. आणि घरचे पित्त म्हणून सोडून देतात."

"मग पुढच्या जन्मी बाई होऊन मर! इथे शेवटच्या रांगेला कळलं पाहिजे."

सगळे खो खो हसले. मावशींची सुई थांबली. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि मानेवरून घाम ओघळत होता.

त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. नायिका शेजारून चालली होती.

"अगं, मला बरं वाटत नाहीये."

"दाढ का, मावशी? गाल धरलाय म्हणून विचारते. तालीम संपली की गोळी देते हं," म्हणत ती प्रवेशाला पळाली.

तालीम संपेपर्यंत! मावशी उठल्या. पायांत जीव नव्हता. जबडा दुखतोय म्हणून तालीम कोण थांबवणार? त्यांनी गालावरचा हात खाली आणला आणि छातीवर घट्ट दाबला. छाती दुखत नव्हती. पण कळलं तर पाहिजे. तशाच त्या उजेडात आल्या. तोंड उघडलं, आवाज फुटेना. गुडघ्यांवर बसल्या, मग कलंडल्या.

दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या.

"वा, मावशी! बघ रे गाढवा, मरायचं तर असं!"

नायकही हसत टाळ्या वाजवू लागला. शेवटच्या रांगेतून विजेवाल्याने शिट्टी मारली. त्याला तिथून सगळं स्पष्ट दिसत होतं.