चिखलातले टायर

झाकीरची नजर आजाराने हळूहळू गेली. डोंगरात सायकल चालवणं सुटलं, तेव्हा त्याने आपली सायकल धाकट्या बहिणीला, फराहला दिली. टायर झिजले होते, म्हणून दोघं दहिवलीच्या दुकानात गेली.

फराहला एक जाडजूड टायर आवडला. झाकीरने त्यावरून बोटं फिरवली. "नको गं. याचे दाते फार जवळ आहेत, मध्ये चिखल अडकला की चाक घसरणार."

मग त्याने उंच, विरळ दात्यांचा अरुंद टायर निवडला. "हा घे. यातला चिखल आपोआप उडून जातो. हवा जरा कमी ठेव."

"आणि भाई, ठाकुरवाडीच्या उतारावर?"

"तिथे पुढचा ब्रेक..." तो थांबला. "ती वाट आता कशी झालीय, मला काय माहीत?"

फराह आवाज न करता रडली. तरी त्याला कळलं. त्याने चाचपडत तिचा खांदा धरला. "रविवारी जाऊन ये. आल्यावर सगळं सांग."

रविवारी चिखलात चाकं कुठेच घसरली नाहीत. घरी येऊन तिने वाटेतलं एकेक वळण सांगितलं. झाकीरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं; प्रत्येक वळणाला त्याची बोटं ब्रेक दाबल्यासारखी मिटत होती.

"छान चालवलीस," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी मला सांगू नकोस."