विंगेतल्या माणसाचं जठर

मी जठर बोलतोय. नाक मुरडू नका. हृदयावर एवढी गाणी लिहिलीत, मग माझे चार शब्द ऐकायला काय हरकत आहे?

माझा मालक एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाच्या कडेला, विंगेतल्या अंधारात खुर्ची टाकून बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, हे त्याचं काम. मंडळी त्याला ‘कुजबुजे’ म्हणतात. घरी बायकोशी भांडतानाही त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही.

तरुणपणी मी काय पचवलं नाही! एकदा घाईघाईत त्याने पावाबरोबर नायकाची खोटी मिशीच गिळली. मला आठवडाभर गुदगुल्या होत होत्या आणि मालक शोकांतिकेतही खुदुखुदु हसत होता. खोटं वाटत असेल तर आतड्याला विचारा, पुढचं त्याने भोगलंय.

मिशी ज्याची, तो नायक म्हणजे मालकाचा थोरला भाऊ, दादा. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानेच धाकट्याला वाढवलं. आधी घास धाकट्याच्या तोंडात, मग स्वतःच्या. मला हे कुणी सांगायला नको. ते घास माझ्याकडेच यायचे.

एका प्रयोगात नायिका प्राण सोडत होती. सगळीकडे चिडीचूप. आणि नेमका मी गुरगुरलो. पुढच्या रांगा हसल्या, मागच्या हसल्या, शेवटी मेलेली नायिकाही हसली. मालकाने डोकं लढवलं : आपण जेवून आलो म्हणून पोट बोललं. झालं! तेव्हापासून प्रयोगाच्या दिवशी पडदा पडेपर्यंत कडकडीत उपास. अरे शहाण्या, भरलेलं पोट सुस्तावतं, रिकामंच जास्त बोंबलतं! पण पोटाचं ऐकतो कोण? मी जितका ओरडायचो, तितकं त्याचं जेवण लांबायचं.

त्यातच दादा विसरू लागला. आधी एखादा शब्द, मग वाक्य, मग अख्खा प्रवेश. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मालक त्याला ओळ न ओळ पुरवू लागला. ही गोष्ट त्याने ना दादाजवळ काढली, ना बायकोजवळ. दादा थबकला की याचा श्वास अडकायचा आणि इकडे माझ्यात आम्लाचा नळ सुटायचा. डोकं ठणकायचं म्हणून उपाशीपोटीच दुखण्याची गोळी. शिवाय कसलेसे जंतू माझ्या भिंतीत बिऱ्हाड थाटून बसले होते, ते वेगळेच. शेवटी व्हायचं तेच झालं. भिंतीला जखम पडली.

“अहो, तोंड का वाकडं?” बायकोने विचारलं.

“काही नाही गं, जरा जळजळ.”

“जरा? दूध पिऊन पिऊन बोका झालाय तुमचा! चला डॉक्टरकडे.”

“एवढा प्रयोग होऊ दे.”

“प्रयोग काही संपायचे नाहीत. तुम्हीच संपाल!”

दुधाने घटकाभर गार वाटायचं, मग पुन्हा आग. पुढे शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. आत रक्त झिरपत होतं. तेही त्याने लपवलं. मी मात्र ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. हा गेला तर मीही जाणार, आणि मला काही एवढ्यात जायचं नव्हतं.

दुपारचा प्रयोग होता. मी पिळवटून हाका मारत होतो, हा पोट दाबून वाक्यं पुरवत होता. अचानक त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खुर्चीवरून घसरला. तिकडे दादा अर्ध्या वाक्यात अडला. विंगेतून शब्द येईना. त्याने तिथेच राजाची तलवार टाकली आणि धावत आत आला.

“छोट्या! अरे छोट्या, ऊठ!”

ही वाक्यं त्याला कुणी पुरवली नव्हती.

दवाखान्यात माझ्यात दुर्बीण उतरली. जन्मात पहिल्यांदा मी उजेड पाहिला. पसारा बघून माझी मलाच लाज वाटली. रक्त थांबवल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जंतूंचं औषध देते. डोकेदुखीच्या त्या गोळ्या बंद, उपास बंद. आणि मनाला काही लागलंय का? नुसत्या काळजीने अल्सर झाला असं मी म्हणणार नाही, पण काळजी जखम सुखानं भरू देत नाही.”

“छे, मला कसली काळजी!” मालक म्हणाला.

मी असा पीळ दिला की बेट्याचे डोळे पांढरे झाले.

“सांग की रे,” दादा म्हणाला.

मालकाने आवंढा गिळला. मी तो परत वर धाडला.

“दादा... तुला आठवत नाही हल्ली.”

दादाने त्याच्या पांघरुणाची घडी उगाच सारखी केली. “माहीत आहे मला. मी थांबलो तर तुझ्या खुर्चीचं काय, म्हणून रेटत होतो.”

“आणि मी तुझ्यासाठी!”

“म्हणजे दोघंही गाढव,” बायको डोळे पुसत म्हणाली. “आणि उपाशी राहिलं कोण? माझा स्वयंपाक!”

दादाने काम सोडलं. त्याच्या डोक्याचीही तपासणी झाली. ते दुखणं बरं होणारं नाही, पण आता ते घरात उघड बोललं जातं, औषधाच्या वेळा सगळे मिळून सांभाळतात. मालक नव्या नायकाला वाक्यं पुरवतो, तेही जेवून. दादा पहिल्या रांगेत बसतो आणि आपलंच जुनं नाटक नव्याने बघितल्यासारखं खदखदून हसतो. त्याला हसताना पाहून मालकाला कधी भरून येतं. तेव्हा मी थोडा आवळतो. पण तो बाहेर आला की बायकोजवळ बोलतो, आणि मी सैल होतो.

जखम अजून कोवळी आहे. औषध पुरं करायचंय, पुन्हा एकदा ती दुर्बीणही सोसायची आहे. सोसेन. मिशी पचवणारा मी, एवढ्याने हार मानत नसतो.

तुमच्याही आत माझा एखादा भाऊबंद राबतोय. तो पेटून उठला तर दुधाने त्याचं तोंड बंद करू नका, डॉक्टरकडे जा. आणि जे बोलायचं ते ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच बोला. तुमच्या मनातलं पचवायची ताकद आमच्यात नाही.

चला, वरून घास येतोय. कामाला लागतो.