साठ मुलांचा फळा

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना फळा आहे, पण माझ्यावर आजवर कुणी कविता लिहिली नाही, की गणित सोडवलं नाही. वर्गातले फळे माझ्या चौपट मोठे, त्यांच्यासमोर मुलं बसायची. मी व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर, एका वाकड्या खिळ्याला लटकलेला. माझं काम एकच. शाळेत मुलं किती, ते सांगायचं.

माझा जन्म एका मोडक्या कपाटाच्या दारातून झाला. सुताराने दार कापलं, घासलं आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. मग रंगारी आला. त्याला पांढऱ्या रंगात ‘शाळेतील एकूण मुले’ असं लिहायचं होतं. पठ्ठ्याने सुरुवात अशी ऐसपैस केली, की ‘मुले’ला जागाच उरली नाही. ती दोन अक्षरं कोपऱ्यात कशीबशी दाटीवाटीने बसली. शिपाईमामा म्हणाले, राहू द्या, आपल्या वर्गातही मुलं अशीच बसतात. तेव्हा खरंच तशी बसायची. पट दीडशेच्या वर होता.

मोठ्या बाईंची एक रीत होती. नवं मूल शाळेत आलं, की माझ्यावरचा जुना आकडा त्याने स्वतः पुसायचा आणि एक वाढवून नवा लिहायचा. शाळा सोडून जातानाही तसंच. शेवटच्या दिवशी आपला एक कमी करायचा, खडू बाईंच्या हातात द्यायचा आणि दप्तर उचलून घरी जायचं. आपण आलो हे आपण सांगावं आणि निघालो हेही आपणच सांगावं, असं बाई म्हणायच्या. ज्यांचा हात पुरायचा नाही, त्यांना शिपाईमामा कडेवर घेत. एवढे चिमुकले हात माझ्यावर फिरले, की मला त्याचा गर्वच झाला होता. खोटं कशाला बोलू?

माझ्या आकड्यावर काय काय अवलंबून असतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. व्हरांड्यात राहिलं की सगळं कानावर पडतं. शाळेला पैसे मिळायचे ते मुलांच्या डोक्यामागे. मुलं जास्त, तर पुस्तकं जास्त. मुलं कमी झाली, तेव्हा बाई एकेका खडूचे दोन तुकडे करून वर्गात पाठवू लागल्या. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या नर्सताई महिन्यातून एकदा येऊ लागल्या. आणि हे सगळं ठरायचं वर्षातल्या एका दिवशी. शिक्षण कार्यालयाचे साहेब मोजणीला यायचे. त्या दिवशी जो आकडा कागदावर चढेल, तोच वर्षभर खरा. दुसऱ्या दिवशी दहा मुलं आली, तरी तो हलत नसे.

जवळचा कारखाना बंद पडला आणि एकेक घर रिकामं होऊ लागलं. माझ्यावरचा आकडा जिना उतरावा तसा उतरत एकोणसाठावर आला. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण साठ मुलं असतील, तरच शाळेला वाचनाचे वेगळे शिक्षक मिळायचे, असा नियम होता.

आमचे वाचनाचे सर म्हणजे उंच, हडकुळा माणूस. माझ्या शेजारच्याच खोलीत ते बुटक्या स्टुलावर बसायचे, गुडघे पार कानाशी यायचे. ज्या मुलांची अक्षरं काही केल्या जागेवर थांबत नसत, ती मुलं त्यांच्याकडे जायची. सर कधी रागावत नसत. एका ओळीला अर्धा तास लागला, तर अर्धा तास.

अशात मुंगी आली. हे नाव शिपाईमामांनी ठेवलेलं. पोर आठ वर्षांची, पण चण एवढीशी आणि पाठीवर दप्तर तिच्याहून मोठं. तिचे वडील पुलांच्या कामावर वेल्डर होते. पूल बांधून झाला, की बिऱ्हाड हलायचं. तीन वर्षांत मुंगीची ही चौथी शाळा, त्यामुळे तिला धड वाचता येत नव्हतं. माझ्यावर काय लिहिलंय, ते तिने पहिल्या दिवशी मामांना विचारलं. मग तिने आकडा लिहिला, तो साठाच्या ऐवजी तीस. सहा उलटा काढला होता. बाई हसून म्हणाल्या, “अगं, अर्धी शाळा पळवलीस की!” आणि तिचा हात धरून त्यांनी सहा सरळ करून घेतला. त्या दिवशी माझ्यावर साठ आले. बाई किती तरी वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या.

मोजणीला तीन महिने होते. मध्ये एक मुलगा गेला, एक मुलगी आली, साठ पुन्हा साठ झाले. तो मुलगा जाताना माझ्यासमोर हुंदके देऊन रडला आणि पोरं त्याला हसली. मुंगी तिथेच उभी होती, पण ती हसली नाही.

एकदा सर बाईंना म्हणाले, साठाचं काय ते मुलांना सांगून ठेवू या. बाईंनी मान हलवली. “पोरांच्या डोक्यावर हे ओझं नको. त्यांनी शिकावं. आकड्याचं आपण बघू.” बाईंचं मन मोठं होतं, म्हणून त्या असं म्हणाल्या. पण तिथेच घात झाला, मित्रांनो.

इकडे मुंगी रोज मधल्या सुट्टीत सरांसमोर बसायची. नावाड्याच्या कुत्र्याची गोष्ट असलेलं एक पुस्तक तिने धरलं होतं. आधी दिवसाला एक ओळ, मग दोन, मग अख्खं पान. भिंतीपलीकडून मी ऐकत असे. ती अडली, की मीही अडायचो.

मोजणीचा दिवस बुधवारी आला. घंटा व्हायला अवकाश होता. फाटक उघडून मामा मागे पाण्याची टाकी भरायला गेले होते. मुंगी एकटीच आली. तिने वाचनाच्या खोलीतलं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली आणि मला हळूच सांगितलं, “शनिवारी आम्ही जाणार. सगळ्यांसमोर मला रडू येईल.”

तिने साठ पुसले आणि त्याजागी एकोणसाठ लिहिलं. कुणी हात धरला नव्हता, तरी पाचही सुबक होता आणि नऊही. बाई नव्हत्या, म्हणून खडू तिने स्टुलावरच ठेवला. आकडा लिहिला की दप्तर उचलून जायचं, हीच तर रीत. तिने दप्तर उचललं आणि ती गेली.

मी ओरडू शकलो असतो, तर शाळा डोक्यावर घेतली असती. पण मी पडलो फळा. जे लिहिलं ते दाखवायचं, एवढंच मला येतं.

साहेब घंटेलाच आले. वर्गांत छप्पन्न मुलं होती. तीन आजारी, त्यांच्या पालकांच्या चिठ्ठ्या होत्या. रजिस्टरात नावं साठ आणि माझ्यावर एकोणसाठ. बाईंनी मामांना मुंगीच्या घरी पिटाळलं. मामा धापा टाकत परत आले. घराला कुलूप होतं आणि शेजारीण म्हणाली होती, की त्यांची बांधाबांध झालीय. आई कामावर गेलेली आणि मुंगी पुलावर वडिलांपाशी जाऊन बसलेली, हे कुणाला ठाऊक?

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “बाई, रजिस्टरात साठ आहेत. तुम्ही सांगाल ते लिहितो. ही मुलगी अजून तुमच्या शाळेत आहे?”

सर दारात उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बाई जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

“आमच्याकडे आकडा मूल स्वतः लिहितं, साहेब,” त्या म्हणाल्या. “तिने लिहिलाय. ती गेली.”

साहेबांनी एकोणसाठ लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी पुस्तक परत करायला आली. सरांनी बाईंना बोलावलं. बाई आल्या, तिचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन त्यांनी कार्यालयात फोन लावला. उत्तर त्यांना आधीच माहीत असावं. आता पुढच्या वर्षी, असं तिकडून सांगितलं गेलं.

बाहेर मुंगी वाट बघत होती. “बाई, मी शनिवारपर्यंत येऊ? माझी आठ पानं राहिलीत.”

बाईंनी तिला खडू दिला. तिने पुन्हा साठ लिहिले. ती वर्गात गेल्यावर बाई सरांना आणि मामांना एवढंच म्हणाल्या, “तिला कुणी काही सांगायचं नाही.” सर म्हणाले, “मी कशाला सांगेन?” मी मुका आहे याचं मला आयुष्यात एकदाच बरं वाटलं, ते त्या दिवशी.

शनिवारी आठही पानं वाचून झाली. मुंगीने माझ्यासमोर येऊन मोठ्याने वाचलं, शाळेतील एकूण मुले. कोपऱ्यातली दाटीची अक्षरंसुद्धा. मग तिने एकोणसाठ लिहिलं आणि खडू बाईंच्या हातात दिला. ती रडली नाही. फाटकाशी तिचे वडील ट्रंक घेऊन उभे होते.

महिनाअखेरीला सर गेले. त्यांच्याकडे वाचणारी सात मुलं होती. ती पुन्हा वर्गात मागच्या बाकांवर जाऊन बसली. त्यांचं पुढे काय झालं ते सांगवत नाही. वाचनाच्या खोलीला कुलूप लागलं.

पुढे आकडे यंत्रात भरायचे दिवस आले आणि मला खिळ्यावरून उतरवून त्याच खोलीत, बुटक्या स्टुलांमध्ये, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. माझा एक कोपरा वाळवीने खाल्लाय.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कुठेतरी असा एक आकडा असेल. तो कशासाठी आहे, ते मोठ्यांना विचारा. आणि मोठ्यांनो, पोरांना सांगत जा. ओझं होईल म्हणून लपवू नका.

एक गोष्ट राहिली. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या बाई एकट्याच या खोलीत आल्या होत्या. त्यांनी मला फिरवलं, पदराने पुसलं आणि खडूने माझ्यावर साठ लिहिले. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तो आकडा अजून आहे. मला सरळ करायला तुमच्यापैकी कुणी आलंच, तर धूळ झटका, वाळवीला औषध लावा, पण तेवढा पुसू नका.