पिसांचा गळ

रुखमाने रबर लावलेल्या पकडीत गळ घट्ट बसवला, त्यावर कोंबड्याची लांब पिसं ठेवली आणि दोऱ्याचे वेढे घ्यायला लागली. संध्याकाळी पुतण्या निकेश मासे धरायची काठी न्यायला येणार होता. तिच्या नवऱ्यानेच, इश्वरने, त्याला फोन केला होता. "घेऊन जा बाबू. मले आता काय कामाची?"

लकव्यानंतर इश्वरचा उजवा हात परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडून असायचा. त्याआधी दिघोरीच्या तलावातली मरळ धरायला तो स्वतः पिसांचे गळ बांधायचा. फोनवरच्या व्हिडिओत कुण्या परदेशी माणसाचे हात पाहून शिकलेला. पाण्यात ओढले की पिसं मासोळीसारखी हलायची. काठी गेली तर हा माणूस पुन्हा तलावाचं नाव काढणार नाही, हे रुखमाला कळत होतं.

"कायले तरास घेऊन राहिली?" खाटेवरून आवाज आला.

"जलमभर बिड्या बांधल्या म्या. कोंबड्याचं पीस नाई बांधता येत का मले?"

शेवटचा वेढा घेऊन तिने दोऱ्याचं टोक नखाने आत खोचलं आणि गळ बादलीत ओढून पाहिला. दोरा उलगडला. पिसं सुटी होऊन पाण्यावर तरंगली.

"मालूम होतं मले," इश्वर म्हणाला.

"मंग सांगाचं होतं."

"तू इचारलं का?"

आता दोनच पिसं उरली होती. शेजारच्या सुमनबाईचा कोंबडा पुन्हा मानेची पिसं उपटू द्यायला तयार झाला नसता. रुखमाने ती गळावर ठेवली आणि पुन्हा वेढे घ्यायला लागली.

"घट्ट. अजून घट्ट." इश्वर सरकत सरकत खाली आला. "खोचू नको. बिडी नोय थे. गाठ मार."

डाव्या हाताचं बोट त्याने वेढ्यांवर दाबून धरलं. तिने बोटाखालून दोरा नेला, गाठ आवळली, ती सुटू नये म्हणून वर लेकीचं नेलपेंट लावलं. ते वाळावं म्हणून दोघं फुंकर घालत बसले असतानाच दारात मोटारसायकल थांबली.

"काका, काठी?"

इश्वरने मान वर केली नाही. गळ बादलीत सोडला, ओढला. मग हिसका दिला. पिसं हलली, सुटली नाहीत.

"बस. चाय पी."

"अन् काठी?"

"चाय पी म्हन्लं ना."

रुखमाने चहा ठेवला आणि तंबाखूचं सूप मांडीवर ओढलं. एक बिडी वळून झाली. पाहते तर दोऱ्याचं टोक खोचायचं सोडून तिने गाठ मारली होती. ठेकेदार ही छाटात, नापास बिड्यांत, टाकणार. तिने ती बाजूला, नेलपेंटच्या बाटलीजवळ ठेवली.